जुनी मर्सिडीज एमएल घ्यायचीय? नाशिकच्या नव्या खरेदीदारांसाठी पायरीपायरीने

द्राक्षाचा हंगाम उरकला, व्यापाऱ्याचा हिशेब झाला की आमच्या दिंडोरी-निफाड पट्ट्यात पारावर गाड्यांच्या गप्पा सुरू होतात. चार वर्षांपूर्वी अशाच गप्पांतून मी २०१० ची मर्सिडीजची एमएल ३५० सीडीआय ही डिझेल एसयूव्ही घेतली. दुपारी चार वाजता पाहिली, एक फेरी मारली आणि इसार देऊन मोकळा झालो. पाहायचं जे राहून गेलं त्याची दुरुस्ती पुढे आठ महिने चालली. गाडी आजही दारात आहे आणि मला ती मनापासून आवडते. त्यानंतर चुलतभावासाठी आणि गावातल्या दोघांसाठी गाड्या पाहताना जो क्रम बसला, तो इथे देतोय. एमएलच समोर ठेवून लिहिलंय, पण ऑडी क्यू७ किंवा बीएमडब्ल्यू एक्स५ घेणाऱ्यांनाही बराचसा भाग लागू पडेल.

१. आधी कोणती एमएल ते समजून घ्या

नावातल्या ३५० वर जाऊ नका. हे इंजिन साडेतीन लिटरचं नाही. २,९८७ सीसीचं सहा सिलिंडरचं व्ही६ डिझेल आहे. कंपनीत त्याचं नाव ओएम६४२. आधी हीच गाडी ३२० सीडीआय नावाने यायची.

बाजारात मुख्यतः दोन पिढ्या दिसतात. २००५ ला आलेली डब्ल्यू१६४ आणि २०११ ला आलेली डब्ल्यू१६६. या दोन्हींच्या आधीची, सर्वात पहिल्या पिढीची एमएल चासीवर बॉडी ठेवलेली होती. डब्ल्यू१६४ पासून कारसारखी एकसंध बॉडी आली, म्हणून ती रस्त्यावर एवढी शांत चालते. २०१५ मध्ये एमएल हे नाव जाऊन जीएलई आलं.

डब्ल्यू१६४ च्या ३५० सीडीआयला २२४ अश्वशक्ती आणि ५१० न्यूटन मीटर टॉर्क (चाकं फिरवण्याचा जोर). डब्ल्यू१६६ मध्ये तेच इंजिन सुधारून २५८ अश्वशक्ती आणि ६२० न्यूटन मीटरपर्यंत नेलं. शून्य ते शंभर जुनीला साधारण साडेआठ सेकंद, नवीला साडेसात. सव्वादोन टनांच्या आसपासच्या गाडीसाठी हे आकडे आजही कमी नाहीत. डब्ल्यू१६६ मध्ये एमएल २५० सीडीआयही मिळते: चार सिलिंडर, २,१४३ सीसी, २०४ अश्वशक्ती, ५०० न्यूटन मीटर. शहरात वापर जास्त असेल तर ती बघा. घाटात चालवायची असेल तर माझं मत ३५० लाच आहे.

दोन्ही पिढ्यांत सात गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणि कायम चारही चाकांना जोर देणारी फोरमॅटिक प्रणाली. पावसाळ्यात मळ्याच्या चिखलात माझ्या गाडीचं एक चाक जागेवर फिरायला लागलं की तेवढ्याच चाकाला ब्रेक लागतो आणि जोर बाकीच्या चाकांकडे जातो. ट्रॅक्टर बोलवायची वेळ अजून आली नाही. मात्र ही जीप नाही. लो रेंज गिअर (कमी वेगात जास्त जोर देणारा) फक्त ऑफरोड पॅकेज असलेल्या गाड्यांत असतो, आणि ते पॅकेज फार कमी गाड्यांत असतं.

एक गोष्ट पहिल्याच दिवशी अंगवळणी पाडा. गिअरचा लिव्हर दोन सीटच्या मध्ये नसतो. स्टिअरिंगच्या उजव्या हाताला बारीक दांडी असते, तोच गिअर. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत त्याच जागी इंडिकेटर असतो. मुंबई नाक्याच्या सर्कलला मी सवयीने इंडिकेटर म्हणून ती दांडी वर केली आणि चालती गाडी न्यूट्रलला गेली. मागच्याने जोरात ब्रेक मारला म्हणून वाचलो. इंडिकेटर आणि वायपर दोन्ही डाव्या दांडीवर आहेत. माझ्या गाडीत पार्किंग ब्रेकही पायाने दाबायचा आहे. हे सगळं आधी मोकळ्या मैदानात गिरवा, मगच रस्त्यावर काढा.

२. बजेटचे दोन भाग करा

नाशकात जुनी एमएल नव्या कॉम्पॅक्ट एसयूव्हीच्या किमतीत, कधी त्याहूनही खाली मिळते. इथेच माणूस घसरतो. गाडीची किंमत उतरते, सुट्या भागांची उतरत नाही. जेवढ्याला गाडी घ्याल त्याच्या किमान पाव रक्कम पहिल्या वर्षासाठी बाजूला ठेवा. मी ठेवली नव्हती. सोसायटीच्या हप्त्याचे पैसे गाडीत गेले आणि घरात ताण झाला.

डिझेलचं माझं रोजचं गणित असं: शहरात लिटरला आठ किलोमीटर, मुंबई-आग्रा महामार्गावर अकरा. इंजिनात एका वेळी आठ लिटरहून जास्त ऑइल लागतं, आणि तेही मर्सिडीजच्या २२९.५१ किंवा २२९.३१ मानकाचंच. डब्यावर तो आकडा छापलेला असतो. नसेल तर ते ऑइल घेऊ नका.

३. गाडी पाहायला जाण्याआधी कागद पाहा

विक्रेत्याकडून गाडीचा नंबर आणि आरसीचा फोटो मागा. एमपरिवहन ॲपवर नंबर टाकला की नोंदणीची तारीख, वैधता, विमा, पीयूसी, बोजा (गाडीवरचं कर्ज) आहे की नाही हे कळतं. थकीत ई-चलनं वेगळी तपासा. गाडीचे कागद बघायला अर्धा तास लागतो आणि निम्म्या गाड्या इथेच बाद होतात.

नीट पाहायच्या जागा या:

नोंदणीची वैधता. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर फिटनेस तपासणी, पर्यावरण कर आणि नूतनीकरण, तेही पाचच वर्षांसाठी. म्हणजे २०१२ ची गाडी आज घेतलीत तर हा खर्च दारात उभा आहे. किंमत ठरवताना तो धरा.

आयात की इथली. सर्वात जास्त लोक इथेच फसतात, आणि मीही फसलो. एमएल काही पूर्ण आयात होऊन आल्या, काही चाकणच्या कारखान्यात जोडल्या गेल्या. १ एप्रिल २०२२ पासून १५ वर्षांनंतरच्या नूतनीकरणाची फी साध्या कारला ५,००० रुपये आणि आयात कारला ४०,००० रुपये झाली. वीस वर्षांपुढच्या गाड्यांना २०२५ मध्ये ती आणखी दुप्पट केली. माझ्या आरसीवर आयात अशी नोंद होती आणि सौद्याच्या वेळी मी ती वाचलीच नव्हती. अर्ज भरताना पोर्टलवर रक्कम उमटली तेव्हा कळलं. फीचे आकडे बदलत राहतात, तुमच्या वेळचा आकडा पोर्टलवरच पाहा.

दिल्लीची गाडी. राजधानीच्या परिसरात दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आले आणि तिकडच्या गाड्या स्वस्तात इकडे यायला लागल्या. गाडी चांगलीही असू शकते. पण तिकडच्या आरटीओची एनओसी (ना हरकत पत्र), महाराष्ट्राचा कर आणि नवा नंबर हे सगळं तुमच्या डोक्यावर येतं. एनओसी हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.

कंपनीच्या नावावरची गाडी. अशा पुष्कळ असतात, आणि सर्व्हिस वेळेवर झालेली असल्याने बऱ्याचदा चांगल्या असतात. फक्त सही करणाऱ्याला कंपनीने अधिकार दिल्याचं ठरावाचं पत्र लागेल.

शेवटी सर्व्हिस हिस्ट्री. ओडोमीटरवर विश्वास ठेवू नका. बिलांवर छापलेले किलोमीटर वर्षावार मांडा. एका गाडीच्या २०१७ च्या बिलावर १ लाख १२ हजार किलोमीटर छापलेले होते आणि मीटरवर ८६ हजार दिसत होते. तो सौदा चुलतभावाने तिथेच सोडला.

४. गाडी सकाळी पाहा, इंजिन थंड असताना

या लेखातली एकच पायरी पाळणार असाल तर ही पाळा. आदल्या रात्री फोन करून सांगा, "दादा, उद्या सकाळी सात वाजता येतो, तोपर्यंत गाडी चालू करू नका." पोहोचल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर गोड शब्दांत निरोप घ्या आणि दुसऱ्या दिवशी परत या.

चालू करण्याआधी गाडीपासून दहा पावलं मागे जा आणि तिची ठेवण बघा. डॅशबोर्डवर गाडी उचलण्याचं बटण असेल तर तिला एअर सस्पेन्शन आहे, म्हणजे स्प्रिंगच्या जागी हवेच्या रबरी पिशव्या. ते रबर दहा-बारा वर्षांत चिरतं आणि हवा रात्रभर हळूहळू जाते. इंजिन चालू झालं की कंप्रेसर दोन मिनिटांत गाडी उचलतो आणि दोष झाकला जातो. माझ्या बाबतीत तेच झालं. दुपारी चारला गाडी ताठ उभी होती. दुसऱ्या दिवशी पहाटे मळ्यात बघतो तर पुढचं डावं चाक मडगार्डमध्ये शिरलेलं.

म्हणून शिंप्याकडचा टेप सोबत न्या. चाकाच्या मधोमध असलेल्या टोपीपासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत अंतर मोजा, चारही चाकांचं. शक्य असेल तर आदल्या संध्याकाळी मोजून कागदावर लिहून ठेवा आणि सकाळी पुन्हा मोजा. बोटभराचा फरक पडला तर कुठेतरी हवा जातेय. एका बाजूची पुढची एअर स्ट्रट (हवेच्या पिशवीसह शॉकअप) मला बसवून सत्तर हजारांच्या आसपास पडली. तोवर गळक्या पिशवीला हवा पुरवून पुरवून कंप्रेसरही थकला होता, त्याचा खर्च वेगळा. साध्या स्प्रिंगची एमएलही मिळते. खेड्यातल्या रस्त्यांसाठी मी पुन्हा घेतली तर तीच घेईन.

आता चालू करा. काच खाली, एसी आणि रेडिओ बंद. हे इंजिन थंडीतही पहिल्या-दुसऱ्या सेकंदाला लागलं पाहिजे. बॉनेट उघडून कान द्या: सिलिंडर हेडच्या बाजूने "फुस-फुस" असा ठेक्यात आवाज आला तर इंजेक्टरच्या (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या भागाच्या) खालचं सील गेलंय. तिथून निघालेला काजळीचा धूर इंजेक्टरभोवती डांबरासारखा घट्ट जमतो, आणि मग इंजेक्टर बाहेर काढणंच अवघड होऊन बसतं. वरचं प्लास्टिक कव्हर ओढलं की निघतं. ते काढून काळं डांबर दिसतं का ते डोळ्यांनी पाहा.

५. रॅम्पवर चढवा

विक्रेत्याच्या ओळखीचं गॅरेज नको. अंबड-सातपूर भागात जर्मन गाड्यांचं काम करणारे स्वतंत्र गॅरेजवाले आहेत. तपासणीचे हजार-दोन हजार घेतील, ते खुशीने द्या. मर्सिडीजचा स्कॅनर असलेलाच माणूस शोधा. साधा स्कॅनर इंजिनच्या बिघाडाचे कोड वाचतो, पण गिअरबॉक्स आणि सस्पेन्शनचे कोड बऱ्याचदा त्याच्या हाती लागत नाहीत.

रॅम्पवर मिस्त्रींना एकच प्रश्न आधी विचारा: इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडावर ऑइल आहे का? ओएम६४२ चा ऑइल कूलर दोन्ही बाजूंच्या सिलिंडरच्या मधल्या खाचेत, टर्बोच्या खाली बसवलाय. त्याची सील उष्णतेने कडक होतात आणि ऑइल इंजिनच्या मागून ओघळत खाली त्या जोडावर येतं. खालून पाहणाऱ्याला वाटतं क्रँकचं सील गेलं. आमच्या मिस्त्रींनी बॅटरीचा प्रकाश वरून, टर्बोच्या मागच्या फटीतून सोडला तेव्हा खाचेत साचलेलं ऑइल चमकलं. सील दोन-तीन हजारांची. पण तिथवर पोहोचायला टर्बो आणि इनटेक मॅनिफोल्ड (इंजिनात हवा नेणारा भाग) दोन्ही उतरवावे लागतात. मजुरी चाळीस हजारांवर गेली. सील बदलून घेताना सुधारित जांभळ्या रंगाचीच मागा, आधीची नारिंगी घेऊ नका.

त्याच वेळी टर्बोच्या तोंडाशी रबरी रिंग ओली आहे का पाहा. तिथून गळणारं ऑइल खालच्या स्वर्ल मोटरवर (इंजिनात जाणाऱ्या हवेच्या झडपा फिरवणाऱ्या मोटरवर) पडतं, मोटर जळते आणि गाडी ताकद कमी करून रांगायला लागते. पन्नास रुपयांच्या फडक्याने पुसत राहिलं तर मोटर वाचते, असं सांगणारे भेटतील. रिंगच बदला.

बाकी टायर: बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१८ म्हणजे २०१८ चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही शाबूत असली तरी सहा वर्षांपुढचे टायर बदलायचेच समजून भावात धरा. १८ इंची चार टायर हा लहान आकडा नाही.

६. घाटात चालवा

कॉलेज रोडवर फेरी मारून या गाडीचं काहीच कळत नाही. मी गाड्या वणीमार्गे नांदुरीला नेतो आणि सप्तशृंगगडाचा साधारण दहा किलोमीटरचा घाट चढवतो. (नवरात्र आणि चैत्रोत्सवात खासगी गाड्या खाली नांदुरीतच थांबवतात, ते दिवस टाळा.) इगतपुरीकडे जवळ असाल तर कसारा घाट उतरून परत चढवा.

चांगली एमएल घाटात कशी चालते ते आधी सांगतो, म्हणजे बिघाड ओळखता येईल. वळणातून बाहेर पडताना अर्धाच पाय दाबला तरी ती न ओरडता उचलते. आरपीएमचा काटा अडीच हजारांच्या पुढे न्यावाच लागत नाही. घरचे पाचही जण आणि डिकीत नैवेद्याचं सामान असताना शेवटच्या चढावर मागच्या सीटवर माझी आई झोपलेली असते. हे ज्याने अनुभवलं त्याला एवढ्या खर्चाचं कारण सांगावं लागत नाही.

आता दोष. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये धक्का बसला, किंवा गाडी एकाच गिअरमध्ये अडकून राहिली, तर गिअरबॉक्सचं ऑइल तरी जुनं आहे नाहीतर आतली इलेक्ट्रॉनिक प्लेट गेलीय. "याचं ऑइल आयुष्यभर बदलावं लागत नाही" असं कुणी म्हणालं तर बदलल्याचं बिल नाही असाच अर्थ घ्या. चढावर ताकद अचानक गेली आणि बंद-चालू केल्यावर परत आली, तर वर सांगितलेली स्वर्ल मोटर किंवा टर्बोची पाइपलाइन. उतारावर ब्रेक दाबताना स्टिअरिंग थरथरलं तर डिस्क वाकड्या झाल्यात.

परत येताना मुद्दाम खराब तुकडा निवडा. पुढून "टक-टक" आलं तर खालच्या आर्मचे बुश, म्हणजे सांध्यातले रबर. ते झिजतातच, त्यासाठी गाडी सोडू नका, भाव कमी करा.

७. प्रत्येक बटण दाबा

सनरूफ, चारही काचा, सीटच्या मोटरी, डिकीचं दार, मागचा एसी. सगळं दोनदा. आणि पायाखालच्या मॅटा उचलून गालिचा तळहाताने दाबून पाहा. सनरूफचं पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या पानांनी तुंबतात आणि पाणी आत उतरतं. या गाडीची मुख्य बॅटरी बॉनेटमध्ये नसून पुढच्या सीटखाली असते, त्यामुळे ओल हा नुसता वासाचा प्रश्न राहत नाही. गालिच्याखाली गाळ किंवा सीटच्या रुळांवर गंज दिसला तर गाडी पुरात होती असं धरून निघून या.

८. सौदा आणि नावावर करणं

इसार कमीत कमी द्या आणि पावतीवर लिहून घ्या: गाडीचा नंबर, चासी नंबर, उरलेली रक्कम, आणि ताबा घेण्याच्या तारखेपर्यंतची सगळी चलनं विक्रेत्याची. बाकी रक्कम बँकेतूनच.

लागणारे कागद:
– मूळ आरसी, चालू विमा, पीयूसी
– फॉर्म २९ (दोन प्रती) आणि फॉर्म ३०, दोघांच्या सह्यांसह
– बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं ना हरकत पत्र
– दुसऱ्या आरटीओची गाडी असेल तर फॉर्म २८ वरची एनओसी
– दोघांचे आधार, पॅन, पत्त्याचा पुरावा, फोटो
– दोन्ही किल्ल्या, सर्व्हिस बुक, जुनी बिलं

दुसरी किल्ली नसेल तर ती साधी बाब समजू नका. या गाडीची किल्ली कोपऱ्यावरच्या दुकानात बनत नाही. कंपनीतून गाडीच्या नंबरवर मागवावी लागते आणि महाग पडते.

अर्ज परिवहन पोर्टलवर भरा, गरज पडली तर पेठ रोडच्या आरटीओत जा. मालेगाव कार्यालयाची एमएच-४१ असली तरी एनओसी लागते, जिल्हा एकच म्हणून सूट नाही. कायद्याने घेणाऱ्याने ३० दिवसांत नोंद करून घ्यायची असते. "सह्या करून ठेवतो, तुम्ही सावकाश करा" हे ऐकू नका. विमा १४ दिवसांत स्वतःच्या नावावर घ्या. तोवर तुमच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडकू शकतो. विक्रेत्याचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, तो त्याच्यासोबत जातो. २०१९ च्या १ एप्रिलआधीच्या गाडीला एचएसआरपी (सरकारी उच्च सुरक्षा नंबरप्लेट) पाटी बसलीय का तेही बघून घ्या.

९. पहिल्या महिन्यात

गाडी घरी आली की सनरूफच्या नळ्या साफ करून घ्या, त्याला पैसेही फारसे लागत नाहीत. मग इंजिन ऑइल, सगळे फिल्टर, गिअरबॉक्सचं ऑइल आणि त्याचा फिल्टर, ब्रेक ऑइल, कूलंट. जुन्या मालकाने काल बदललं असं सांगितलं आणि बिल नसेल तर पुन्हा बदला. डिझेल एका ठरावीक, चालत्या पंपावरच भरा. या इंजेक्टरना पाणी आणि कचरा सहन होत नाही. मळ्यातल्या बॅरलचं तर अजिबात नको.

आणि एक वही घाला डॅशबोर्डच्या कप्प्यात. तारीख, किलोमीटर, काय बदललं, किती लागले. माझ्या वहीचं पहिलं पान एअर स्ट्रटचं आहे, दुसरं ऑइल कूलरचं. तिसऱ्या पानापासून फक्त ऑइल, फिल्टर आणि टायर.